विजयाला बोलावू नका

पिस्कॅटवे
१८ सप्टेंबर २००५

ती. मोरूकाका यांना विनयचा नमस्कार.

काम पडल्याशिवाय हा पत्र लिहायचा नाही, असं बाबा माझ्याबद्दल म्हणायचे. काम पडलंय.

आमच्या आश्लेषाचं तुमच्या कानावर आलं असेलच. नऊ वर्षांची आहे. मांडीच्या हाडाचा कॅन्सर. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, आणि या उन्हाळ्यात तो फुप्फुसात दिसला. आता तिसऱ्या प्रकारची केमो चालू आहे, दर मंगळवारी. शनिवारपर्यंत आशू ओकत असते. रविवारी जरा बसते. सोमवारी काही दिलेलं नसतं तरी ओकते, कारण उद्या मंगळवार.

ओकारीवर सगळी औषधं करून झाली. शेवटी डॉक्टरांनी एक कॅप्सूल दिली. गांजात जे द्रव्य असतं तेच म्हणे, पण लॅबमध्ये बनवलेलं. ती पोटात विरघळायच्या आत बाहेर येते. मी अख्खी कॅप्सूल बेसिनमध्ये बघितली आहे.

अजून एक सांगतो, हे नेत्राला माहीत नाही. डॉक्टरांनी मला एकट्याला कॉरिडॉरमध्ये गाठून पॅलिएटिव्ह टीमला भेटायला सांगितलं. म्हणजे बरं करणारे नाहीत, त्रास कमी करणारे. नेत्रा तेव्हा आत आशूजवळ होती. ती रोज टेक्सासच्या एका हॉस्पिटलला फोन करते, तिथे नव्या औषधाची ट्रायल आहे म्हणून. तिच्या तोंडावर हे बोलायला माझी जीभ उचलत नाही.

इथली एक नर्स पार्किंग लॉटमध्ये म्हणाली, तुम्ही कॅलिफोर्नियात असतात तर. एवढंच म्हणून गाडीत बसली. काका, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. थोडासा पोस्टाने पाठवता येईल का?

घरी फोन करू नका. ऑफिसच्या ईमेलवर तर मुळीच नको, कंपनीमार्फत ग्रीन कार्डचं काम चालू आहे. माझ्या नावाचं पाकीट नेत्रा उघडत नाही.

तुमचा
विनय


सॅन होजे
२५ सप्टेंबर २००५

चि. विनय,

पत्र पोचलं. मालिनीला वाचून दाखवत होतो, ती मधूनच उठून गेली. त्यामुळे शेवटचं पान तिने अजून ऐकलेलं नाही.

पोस्टाने पाठवणार नाही. कारण भित्रेपणा हे नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा हे औषध म्हणून चालवून घेतो, केंद्राचा कायदा घेत नाही, आणि याच जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राचा हात वर ठेवला आहे. पोस्ट खातं केंद्राचं. पाकीट सापडलं तर मला फार तर वकील करावा लागेल, मी सिटिझन आहे. तुला देश सोडावा लागेल, आणि तुझ्या नोकरीबरोबर आशूचा इन्शुरन्स जाईल. हे गणित तू करायला हवं होतंस. कॉलेजात तू गेलास, मी नाही.

दुसरं, शब्द. तू एका जागी 'गांजा' लिहिलंस, पुढे 'थोडासा' म्हणून मोकळा झालास. कशाचा थोडासा? पान असेल तर ती भांग, मादीच्या झाडाचा तुरा असेल तर गांजा, चीक असेल तर चरस. तिन्हींची ताकद वेगळी. मी प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त करतो. माझ्या सहीशिवाय ते तराजू कुणी वापरत नाहीत आणि ती सही मी कुणाच्या वर्गात बसून मिळवलेली नाही. मोघम शब्दावर मी कधी सही केलेली नाही.

यापुढे पत्रात आणि बोलण्यात आपण 'विजया' म्हणू. आयुर्वेदाच्या निघंटूत भांगेचं हेच नाव आहे. कुणाच्या कानावर पडलं तरी बिघडणार नाही.

आता कामाचं. ओकलंडच्या बाजूला एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत. मी कामावरून सुटी घेऊन त्यांना भेटून आलो. आशूची सगळी फाइल बघून, तिला तपासून, मगच त्या शिफारस देतील. थेंब असतात, गालाच्या आत सोडायचे, त्यामुळे ओकारीतून जात नाहीत. वस्तू माझ्या घरात, माझ्या ताब्यात राहील. तुम्हा दोघांना धोका तरीही उरतो, तो नाही असं मी म्हणणार नाही. कारण शिफारशीच्या कागदावर आई आणि वडील दोघांची सही लागते. एकाची चालेल का हे मी विचारलं. चालत नाही.

तेव्हा नेत्राला सांग. आधी ते, मग बाकीचं.

मोरूकाका


पिस्कॅटवे
१६ ऑक्टोबर २००५

ती. काका,

नाही सांगितलं.

संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा टेबलावर प्रिंटआउट्स असतात. नेत्राने पिवळ्या पेनने रेघा मारलेल्या असतात. ती सांगते, टेक्सासवाल्यांनी नवे स्कॅन मागवलेत, ते 'नाही' म्हणालेले नाहीत हां, मागवलेत. मी कोट काढता काढता हो म्हणतो. त्यात नेत्राला सांग म्हणजे काय सांग, काका? वाक्य कुठून सुरू करू?

एक मूर्खपणा केला, तोही सांगतो. ऑफिसात परीक्षित म्हणून एक मुंबईचा पोरगा आहे. त्याच्याकडे सहज विषय काढला. म्हणाला, यार, त्यात काय, आणून देतो. शनिवारी आयसेलिनला ओक ट्री रोडवर भेटला आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली, विजया घातलेली ब्राउनी हातात ठेवली. मी विचारलं, एका वेळी किती खायची? म्हणाला, हलकं वाटेपर्यंत. नऊ वर्षांच्या मुलीला हलकं वाटेपर्यंत म्हणजे किती, हे मी कुणाला विचारू? मिठाईच्या दुकानाबाहेरच्या डस्टबिनमध्ये टाकली आणि नेत्रासाठी कडीपत्ता घेऊन घरी आलो.

तुम्ही म्हणाल, मोघम शब्द. हो.

आशूचं वजन परत उतरलंय. परवा दात घासताना ब्रशच्या वासाने ओकली. विजयाशिवाय आता काही खरं नाही. पण सहीचं काय करू? पुढच्या आठवड्यात लाँड्रीरूममधून फोन करतो, तिथे कुणी नसतं.

विनय


पिस्कॅटवे
६ नोव्हेंबर २००५

ती. मोरूकाका,

सा. न. मी नेत्रा, विनयची बायको. आपण एकदाच भेटलोय, लग्नात. पत्ता मालिनीकाकूंच्या दिवाळी कार्डावरून घेतला. विनयला सांगून लिहीत नाहीये.

मागच्या आठवड्यात मी कपडे घेऊन लाँड्रीरूममध्ये उतरले तेव्हा तो तुमच्याशी फोनवर बोलत होता. मी दाराशी थांबले. तो म्हणाला, "काका, विजयाला आणायलाच हवं, पण नेत्राला कळता कामा नये." मी तशीच वर आले. कपडे अजून बादलीत आहेत.

काका, विजयामावशीला बोलावू नका. तिकिटाची, व्हिसाची तुम्ही काही सोय करत असाल तर थांबवा.

त्या वाईट नाहीत. उलट त्यांच्याइतकं कुणी करत नाही. विनयच्या आईकडच्या आजोबांच्या वेळी त्या नागपूरला येऊन राहिल्या, सासूबाईंच्या वेळी राहिल्या, तेव्हा मी नवी सून होते आणि सगळं बघितलंय. विजयामावशी बॅग घेऊन आल्या की घरात डॉक्टरांचं येणं कमी होतं. मग त्या अंथरूण खिडकीपाशी हलवतात. मग नातेवाइकांना फोन करतात. त्यांच्या हाताखाली माणूस शांत होतो, हे खरंय. पण माझ्या घरात अजून कुणी मरत नाहीये.

विनय असा विचार करत असेल तर त्याने मला सांगायला हवं होतं. तुम्हाला नाही, मला. रात्रंदिवस आशूजवळ मी असते. मंगळवारी सकाळी ती मोजे घालायचे नाहीत म्हणून पाय आखडून बसते, तेव्हा तिच्या पायात मोजे मी घालते.

तुम्ही मोठे आहात. जास्त लिहिलं असेल तर माफ करा, पण त्यांना आणू नका.

नेत्रा


सॅन होजे
१२ नोव्हेंबर २००५

चि. सौ. नेत्रास आशीर्वाद.

तुझा गैरसमज झालेला आहे, तो दूर करतो.

विजया ही बाई नाही. विनयला विजया नावाची मावशी आहे हे मला तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. मी त्याच्या वडिलांकडचा, आईकडच्या माणसांशी माझी ओळख नाही. 'विजया' हे वनस्पतीचं शास्त्रीय, म्हणजे आयुर्वेदातलं नाव आहे आणि ते वापरायचं मीच सुचवलं होतं. रोजच्या भाषेत भांग किंवा गांजा. आपल्याकडे ही नावं ऐकली की लोकांच्या डोळ्यांपुढे बैरागी येतो, म्हणून शास्त्रातलं नाव घेतलं. आशूच्या ओकाऱ्या थांबाव्यात, तिला झोप लागावी, दुखणं सोसवेल इतकं व्हावं, यासाठी ते द्यायचं आहे. रोग त्याने बरा होत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. तिच्या डॉक्टरांनी विनयला ज्या पॅलिएटिव्ह उपचारांबद्दल सांगितलं, त्यातलाच हा भाग समज.

सोबत इथल्या डॉक्टरबाईंचा कागद आहे. दोघांनी सही करून पाठवा.

मालिनीचं म्हणणं पडलं की हे लिहू नये, तुला फोन करावा, नाहीतर मी स्वतः तिकडे यावं. मी तिला म्हटलं, फोनवर माणूस अर्धवट ऐकतो, याचा पुरावा म्हणजे हिचंच पत्र.

गैरसमज मिटला असं धरतो.

मोरूकाका


पिस्कॅटवे
४ डिसेंबर २००५

ती. काका,

तुमच्या पत्रात एकही चूक नव्हती. मी शोधली.

नेत्राने ते माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "डॉक्टर तुला कधी बोलले?" मी म्हटलं, सप्टेंबरात. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच ऐकलं होतं."

मी समजवायला गेलो की अगं, विजया म्हणजे ते औषध, मावशीला कुणी बोलावलेलंच नाही. ती म्हणाली, नाव काही का असेना, येतंय कशासाठी ते कळलं मला. ती भांडी घासत राहिली. घासून झालेलीसुद्धा परत घासली. पुढे आठवडाभर कामापुरतं बोलणं. मीठ दे, फाइल कुठाय, गाडी काढ. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग थँक्सगिव्हिंगच्या आधीचा मंगळवार. मी ड्राइव्ह करत होतो, त्या दोघी मागे. नेत्राने आशूला सरळ विचारलं. म्हणजे इंग्लिशमध्ये, आशूशी महत्त्वाचं असेल ते ती इंग्लिशमध्येच बोलते. म्हणाली, टेक्सासला एक नवं औषध आहे, त्याने ट्यूमर लहान होईल की नाही कुणाला माहीत नाही, आणि ओकाऱ्या होतील. कॅलिफोर्नियाला एक औषध आहे, त्याने ट्यूमरला काहीच होणार नाही, पण ओकाऱ्या कदाचित थांबतील. तुला काय वाटतं?

आशू म्हणाली, "देन व्हाय आर यू इव्हन आस्किंग मी?"

मी आरशात बघितलं. नेत्रा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, विनय, पुढच्या एक्झिटला वळव. तो मंगळवार आम्ही कॅन्सल केला. फोन मी केला, तिला ते जमलं नाही.

कागद सोबत आहे. तिची सही माझ्या आधीची आहे. दोघी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतील, इथल्या डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे. मला नोकरीसाठी इथेच थांबावं लागेल, इन्शुरन्स त्यावर आहे. मॅनेजर मार्चमध्ये दोन आठवडे सुटी देईन म्हणालाय.

मालिनीकाकूंना सांगा, आशूला हिंग चालत नाही.

विनय


सॅन होजे
२२ जानेवारी २००६

चि. विनय,

रोज फोनवर तुला नेत्रा सांगतच असेल. फोनवर राहून जातं ते लिहितो.

डॉक्टरबाईंनी फार थोड्यावर सुरू केलं. पहिले दोन दिवस काही फरक नाही. मग त्यांनी वाढवलं, तर एका संध्याकाळी जास्त झालं. आशू भिंतीवरच्या गणपतीकडे बघून हसत सुटली, आणि हसता हसता घाबरली. खोली लांब गेली म्हणाली. नेत्राने तिला झोप लागेपर्यंत मांडीवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्रा खाली आणली, आता ठीक आहे. मॉर्फिन चालूच आहे.

ओकारी पुष्कळ कमी झाली आहे. थांबली असं लिहिणार नाही. मालिनीने पिझ्झा मागवला होता. पोरीने त्याचा कोपरा कुरतडला आणि काकूच्या ताटातला कुस्करा मागितला. शिळ्या पोळीला ही बाई हिंगाशिवाय फोडणी द्यायला शिकली आहे, तुझ्या मुलीमुळे. त्या कुस्कऱ्याला आशू 'काकू सीरिअल' म्हणते. मला ती 'मिस्टर मोरू' म्हणते. मी तिला दोनदा सांगितलं की आजोबा म्हणायचं. ती 'ओके, मिस्टर मोरू' म्हणाली.

माझ्या हातून एक आगाऊपणा होत होता. ताट वाढल्यावर आणि उचलल्यावर मी ते काट्यावर ठेवत होतो, म्हणजे तिने नक्की किती खाल्लं ते डॉक्टरबाईंना दाखवता आलं असतं. नेत्राने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ताट माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "काका, हिला तुमच्या काट्यावर ठेवू नका." मी काटा आवरून ठेवला. नोंदीही बंद केल्या.

तुझं काम बघून ये.

मोरूकाका


पिस्कॅटवे
५ फेब्रुवारी २००६

ती. काका,

हे पत्र नेत्राला दाखवू नका.

फोनवर ती सगळं छान आहे म्हणते. आशू 'हाय बाबा' म्हणते आणि टीव्हीकडे जाते. मला कळत नाही की हे खरं छान आहे, की मी नोकरी सोडून धावत येऊ नये म्हणून दोघी मला सांभाळतायत. ग्रीन कार्डच्या या टप्प्यावर कंपनी सुटली तर सगळंच पहिल्यापासून. नेत्राही तेच म्हणते, मार्चमध्ये ये.

तुमच्याइतकं नेमकं मला कुणी सांगणार नाही. डॉक्टरबाई नक्की काय म्हणाल्या? मार्च चालेल का?

विनय


पिस्कॅटवे
१६ एप्रिल २००६

ती. काका,

तुम्ही त्या पत्राला उत्तर लिहिलं नाहीत, फोन केलात. स्वतःहून फोनला हात न लावणारे तुम्ही. मी मीटिंगमध्ये होतो. "मार्च चालणार नाही," एवढं म्हणालात आणि माझं ऐकूनही न घेता ठेवून दिलात. मॅनेजरला मी विचारलं नाही, सांगितलं. नोकरी आहे अजून. कशी राहिली ते मला माहीत नाही.

त्यामुळे शेवटचा आठवडा मला मिळाला. पण त्या आठवड्यात ती बहुतेक झोपूनच होती. जागी झाली की माझं बोट धरायची, मग परत झोप. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे.

परत आल्यापासून आम्ही दोघं घरात एकमेकांना अडचण होईल असे फिरतो. नेत्रा दुपारी झोपते. मी ऑफिसातून आल्यावर गाडीतच बसून राहतो. जिना चढायचा कंटाळा येतो. एकदा तीच खाली आली, शेजारच्या सीटवर बसली. आम्ही बराच वेळ पार्किंगमधल्या गाड्या बघितल्या. मी विचारलं, जानेवारीत कशी होती ती? नेत्रा म्हणाली, मला आठवत नाही रे. नळाखाली भांडं भरेपर्यंत काहीतरी आठवतं, मग जातं. काकांना विचार.

म्हणून विचारतो. मी नव्हतो तेव्हा तिला दुखत होतं का? जे असेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

विनय


सॅन होजे
२३ एप्रिल २००६

चि. विनय आणि चि. सौ. नेत्रा,

दोघांना मिळून लिहितो. मोठ्याने वाचा.

प्रश्नाचं उत्तर आधी. हो, दुखत होतं. काही दिवस इतकं की विजयाचा आणि मॉर्फिनचा दोन्हींचा उपयोग झाला नाही, आणि डॉक्टरबाईंना घरी बोलवावं लागलं. तसे दिवस थोडे होते. किती, ते सांगू शकत नाही, कारण माझ्याकडे नोंद नाही, आणि अंदाजाने आकडा मी लिहिणार नाही. बाकीचे दिवस बरे होते. विनय, फोनवर तुला कुणी फसवत नव्हतं. आशू टीव्हीकडे जायची ती टीव्ही बघायलाच जायची.

नेत्राला आठवत नाही म्हणतोस. मला एक दुपार आठवते, ती लिहितो.

जानेवारी संपत आला होता. बाहेर पाऊस, तीन दिवस उघडला नव्हता. मालिनी आणि नेत्रा ओट्यापाशी मटार सोलत होत्या. मी जेवणाच्या टेबलावर एक तराजू उघडून बसलो होतो. आशू सोफ्यावर आडवी. तिच्या सगळ्या सीडी बघून झाल्या होत्या. छताकडे बघत ती एकदम म्हणाली, "देअर इज नथिंग टू डू इन धिस हाउस."

मी तिला सांगायला लागलो की कॅरम आहे, पत्ते आहेत, भिंग आहे, भिंगाखाली मिठाचा खडा फार सुंदर दिसतो. नेत्राने मटाराच्या हातानेच माझा दंड धरला. म्हणाली, "काका, थांबा." मग सोफ्याकडे बघून, "काय म्हणालीस, आशू?"

"आय ॲम बोअर्ड, मम्मा. मिस्टर मोरूज हाउस इज सो, सो बोअरिंग."

नेत्रा मला म्हणाली, "काका, हिला कंटाळा आलाय."

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, म्हणून तर सांगतोय, पत्ते आहेत. मालिनी म्हणाली, "अहो, गप्प बसा. दीड वर्षात त्या लेकराला कंटाळायला सवड झाली नव्हती." तेव्हा मला कळलं. नेत्रा, तू हसत होतीस, आणि मनगटाने डोळे पुसत होतीस. मटाराचा हिरवा डाग तुझ्या कपाळाला लागला होता.

मग मी तराजू मिटवला. आम्ही तिघांनी तिला ना पत्ते दिले, ना भिंग. संध्याकाळपर्यंत ती सोफ्यावर लोळत, पाय हलवत, आमच्या घराला नावं ठेवत होती, आणि आम्ही मटार सोलत ऐकत बसलो होतो.

मोरूकाका